त्रिरश्मीच्या भिंतीवरचा व्याजाचा हिशेब

नाशिकला गेले होते ती नात्यातल्या लग्नासाठी. लग्न छान झालं, पंचवटी आणि काळारामाचं दर्शन झालं, मिसळ झाली. त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीबद्दल.

मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्यातच ही पांडवलेणी, म्हणजे बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली जुनी लेणी. पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार, तिथून पायऱ्या. चढ फार नाही, पण सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, हे मी कळवळून सांगते. नुसत्या गर्दीचा मला त्रास होत नाही. पण तिसऱ्या लेण्यात एक गृहस्थ घरच्यांना भीमाची खोली दाखवत होते, दोन मुलं आवाज घुमतो म्हणून किंचाळत होती, आणि हे लेणं कोणी, कधी, कोणासाठी दिलं ते तिथल्याच भिंतीवर सविस्तर कोरलेलं होतं. तिकडे एकाचीही मान वळली नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेली जागा आपल्याकडे विरळाच असेल.

शिलालेखांची भाषांतरं मी घरून छापून नेली होती. दहाव्या लेण्याच्या ओसरीत खोलीच्या दारावर एक लेख आहे. त्याच्याखाली उभी राहून पुटपुटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “ताई, मोठ्यानं वाचा की, आम्हालाही कळू दे.” सत्तरीचे एक काका आणि त्यांच्या पत्नी. काकांची सगळी नोकरी पतसंस्थेत झालेली, हे पुढे बोलण्यात आलं.

मी वाचलं. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई, दिनीकाचा मुलगा उषवदात याने वर्ष ४२ मध्ये हे लेणं चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलं. शिवाय ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे ठेवले. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (धंद्याच्या संघाकडे) २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण.

काकांनी मला थांबवलं आणि बोटांवर मोजायला लागले. “दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस माणसं, बारा-बारा...” मग एकदम म्हणाले, “अहो, दोनशे चाळीसच! पै न् पै जुळली!”

हा लेख मी आधी कितीदा वाचला होता, पण हिशेब कधी करून पाहिला नव्हता. अंगावर काटा आला. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब, आणि पतसंस्थेतला माणूस तो उभ्या उभ्या तपासून बरोबर म्हणतो! काकांचा पुढचा प्रश्नही धंद्यातला होता. “याची नोंद कुठे केली?” तेही लिहिलंय. निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, सगळं ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं.

मग काकूंनी विचारलं, “हा उषवदात बौद्ध होता का?”

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि याच प्रश्नासाठी लोकांनी इथे यावं असं मला वाटतं. याच ओसरीतल्या दुसऱ्या लेखात तो सांगतो की त्याने तीन लाख गाई दान केल्या, देव-ब्राह्मणांना १६ गावं दिली, वर्षभर एक लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, पुष्करला जाऊन स्नान केलं. तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, भडोच आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधल्या. आणि लेण्यातल्या भिक्खूंच्या जेवणासाठी एक शेत दिलं, ते अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेऊन. शेत ब्राह्मणाच्या वडिलार्जित मालकीचं, पैसा शक उषवदाताचा, भात भिक्खूंच्या पात्रात.

त्याच यादीत प्रभासतीर्थावर ब्राह्मणांना आठ भार्या दिल्याचंही आहे. अभ्यासक म्हणतात, त्यांच्या लग्नाचा खर्च केला असेल. असेलही. काकू एवढंच म्हणाल्या, “आठ जणींपैकी एकीचंही नाव नाही?” नाही. अश्विभूतीचं नाव आहे, उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक खोली दिली म्हणून तिचं आहे. अंगणातल्या नंतरच्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचं आहे. तिने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कुंभार, तेली आणि पाणी उपसण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. ज्या बाईच्या हातात पैसा होता तिचं नाव दगडावर राहिलं.

म्हणून ‘पूर्वी सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदायचे’ हे वाक्य मला इथे म्हणवत नाही. आम्ही तिघं मग परत तिसऱ्या लेण्यात गेलो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवला, तो ‘एकब्राह्मण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, अशी त्याची स्तुती तिथे आहे. आणि ती ज्या लेखात आहे तो त्याची आई बलश्री हिचा, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला, हे लेणं भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्खूंना दिल्याचा! वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान आणि बौद्ध संघाला दान, दोन्ही एका लेखात. त्या माणसांना यात विसंगती दिसली नसावी. मला ती दिसते, आणि ती झाकून ठेवू नये असंही वाटतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो याच लेण्यातला एक रुक्ष सरकारी हुकूम. नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्राने उषवदाताकडचं शेत आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी संघाला दिलं. २४व्या वर्षीच्या हुकमात लिहिलंय की आधी कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) द्यावीत. लढाईनंतर ओस पडलेलं गाव म्हणजे काय, ते मला त्या ओळीत दिसलं.

काकांना माझ्याजवळची पानं हवी होती, ती देऊन टाकली. आपल्याकडे ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक लेखासमोर त्याचं पूर्ण मराठी भाषांतर लावा, ठळक अक्षरात, लहान मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर. तोवर जाणाऱ्यांनी ते छापून न्यावं आणि दहाव्या लेण्यात मोठ्याने वाचावं.