एकच लाइन, घर आणि बोर्ड: कॉलर आयडी अखेर लागला

माझा बोर्ड म्हणजे बीबीएस: मोडेमनं फोन लावून ज्यावर निरोप वाचता-लिहिता येतात असा कॉम्प्युटर. एका लाइनवर एका वेळी एकच जण, हे 1978 सालच्या शिकागोतल्या सीबीबीएस ह्या पहिल्या बीबीएसपासून असंच आहे. माझ्याकडे त्याच लाइनवर घरचा फोनही आहे. कागलच्या मावशीनं आईला फोन लावला आणि मोडेमनं उचलून तिच्या कानात शिट्टी घातली, तेव्हाच ठरवलं, नंबर बघितल्याशिवाय बोर्डानं फोन उचलायचा नाही.

एक्स्चेंजमधून कॉलर आयडी चालू करून घेतला. रॉकवेल चिपच्या मोडेमला नंबर दाखवायची कमांड एटी#सीआयडी=1 दिली, ओके आलं. धाकट्या भावाला राजारामपुरीतून रिंग द्यायला लावली. स्क्रीनवर नुसतंच रिंग, रिंग. एनएमबीआरची, म्हणजे नंबराची, ओळ नाहीच. दोन रविवार मी कमांड बदलत बसलो. शेवटी आई जुन्या कॉलर आयडीच्या डबीकडे बघत म्हणाली, "अरे, ह्यावर तर घंटी वाजायच्या आधीच नंबर येतोय की!"

तिथंच उलगडा झाला. मोडेमला नंबर हवा असतो एफएसकेनं, म्हणजे दोन सुरांच्या अदलाबदलीनं: पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे, 1200 बीपीएसनं (सेकंदाला 1200 बिट), 1200 आणि 2200 हर्ट्झच्या सुरांत. आमच्या लाइनवर नंबर येतो डीटीएमएफमध्ये, म्हणजे फोनची बटणं दाबताना येतात त्या सुरांत, तोही पहिल्या रिंगच्या आधी. मोडेम रिंग ऐकून कान टवकारणार, म्हणजे वरातीमागून घोडं.

मग हे सूर ओळखणारी एमटी8870 चिप बसवली, 3.579545 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून, पुढं आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर. लाइनच्या दोन्ही तारांवर 10 नॅनोफॅरडचे कपॅसिटर आणि 100 किलोओहमचे रेझिस्टर आहेत. कपॅसिटर 400 व्होल्टचेच घ्या. लाइनवर एरवी 48 व्होल्ट डीसी असतो आणि रिंगच्या वेळी त्यावर 75 व्होल्टच्या आसपास एसी चढतो. स्वस्तातला 50 व्होल्टचा तिथं लावू नका.

पहिला नंबर आला तो 010231 नं सुरू होणारा आणि 15 नं संपणारा. कोल्हापूरचा कोड तर 0231. डेटाशीट उघडली. ही चिप शून्यासाठी 1010 देते, म्हणजे दहा. आणि 0000 देते ते अंकांपलीकडच्या डी ह्या सुराला. म्हणजे पुढचा 0 हा सुरुवातीच्या खुणेचा डी, 10 हे खरं शून्य, आणि शेवटचे 15 म्हणजे संपल्याच्या खुणेचा सी. तक्ता दुरुस्त केल्यावर भावाचा नंबर जसाच्या तसा उमटला. तो क्षण फार सुखाचा होता.

बाकीचं पटकन झालं. मोडेमवरचे फोन घेणारा एमगेटी हा प्रोग्रॅम फोन उचलण्याआधी बाहेरचा प्रोग्रॅम चालवू देतो; तो आर्डुइनोनं लिहिलेली फाइल वाचतो. मोबाइलचा नंबर कधी पुढं 0 लावून येतो, कधी नाही, म्हणून शेवटचे दहा अंकच जुळवतो. यादीतला नंबर असेल तर मोडेम उचलतो, नाहीतर घरचा फोन वाजत राहतो. रात्री दहा ते सकाळी सहा सगळ्यांना दार उघडं.

नंबरावरून थेट लॉगिन मात्र देणार नाही, कितीही जणांनी मागितलं तरी. गडहिंग्लजचा आपला मेंबर दुकानातल्या फोनवरून येतो. त्या फोनला दिवसभर चार जणांचे हात लागतात. पासवर्ड राहणारच.

काल रात्री साडेनऊला त्याचाच फोन आला. नंबर ओळखला, दुसऱ्या रिंगला उचलला, 2400 बीपीएसला जोडला. त्याआधी मावशीचाही येऊन गेला होता. तो आईनं घेतला.