माझा अनुभव: यूएलवरून यूएलएलवर जाताना अडलेली एक पिन

तासगाव भागातल्या द्राक्षबागांसाठी आम्ही हवामान केंद्रं बनवतो. काम चालतं कुपवाड एमआयडीसीत. बोर्डावर एनएक्सपीची आय.एमएक्स ६ यूएल चिप होती. पुढच्या लॉटला पुरवठादारानं त्याच घराण्यातली यूएलएल दिली आणि वर सांगितलं, "दोन्ही सारख्याच आहेत, जुनीच डिव्हाइस ट्री वापरा." (डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते लिनक्सला सांगणारी फाइल.) पुरवठादाराच्या त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

बूट, नेटवर्क, मेमरी कार्ड सगळं चाललं. अडला तो पर्जन्यमापक. त्यातली छोटी बादली कलंडली की रीड स्विच मिटतो, पिन क्षणभर शून्यावर जाते आणि चिपमधला पुल-अप नावाचा रोध तिला परत वर ओढतो. मी मीटर लावून बसलो. पिन शून्यावर गेली ती ३.३ व्होल्टला परत येईचना. डिव्हाइस ट्रीची फाइल बिनतक्रार कंपाइल होत होती, लॉगमध्येही चुकीची एक ओळ नाही. पुरवठादाराचं प्रत्येक मेलला तेच उत्तर: "सेन्सर तपासा." सेन्सर बदलला, केबल बदलली. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी कधी घ्यायची ते पावसाच्या आकड्यावर ठरायचं, आणि बागायतदारांचे फोन थांबत नव्हते.

शेवटी दोन्ही चिपची मॅन्युअलं शेजारी उघडली. आमची पिन टॅम्पर गटातली, म्हणजे छेडछाड ओळखायला ठेवलेल्या पिनांपैकी. यूएलमध्ये त्या पिनांची रजिस्टरं, म्हणजे सेटिंग लिहायच्या जागा, मुख्य पिन-मक्स ब्लॉकमध्येच (पिनांची कामं ठरवणाऱ्या भागात) आहेत. यूएलएलमध्ये ती एसएनव्हीएस या सुरक्षित साठवणीच्या भागाच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये गेली आहेत, पत्ता हेक्समध्ये ०२२९००००. जुनी फाइल पुल-अप जुन्याच जागी लिहीत होती आणि यूएलएलवर तिथं ती पिनच नाही! लिनक्स कर्नलमध्ये या पिनांसाठी नावांची वेगळी हेडर फाइल आहे. तिच्यातली नावं घेऊन गट नव्या ब्लॉकखाली हलवला, आणि बादलीच्या प्रत्येक झोल्याला आकडा वाढू लागला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दोन्ही चिपांनी एकच फाइल वाटून घ्यायला माझी हरकत नाही, कर्नल स्वतः तेच करतो. यूएलएलची डीटीएसआय (चिपचं वर्णन असलेली, दुसऱ्या फाइलीत घ्यायची फाइल) यूएलची डीटीएसआय आत घेते आणि फक्त फरक लिहिते: सीएएएम (CAAM) नावाच्या क्रिप्टो भागाची नोंद काढते, यूएआरटी ८ या सीरियल पोर्टला ०२०२४००० वरून उचलून ०२२८८००० वर बसवते. म्हणून बोर्डाच्या सामाईक फाइलमध्ये पत्ते लिहू नका, लेबलच (त्या भागाला दिलेलं नाव) वापरा. आमचं यूएआरटी ८ त्यामुळेच दोन्हीकडे आपोआप चाललं. टॅम्पर पिनांचा गट मात्र सामाईक फाइलमध्ये नको, तो प्रत्येक चिपच्या शेवटच्या डीटीएसमध्ये, म्हणजे कंपाइल होणाऱ्या मुख्य फाइलमध्ये ठेवा. इन्क्लूड करताना आधी चिपची फाइल, मग बोर्डाची.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डीबगएफएस या कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या जागेतल्या पिनकंट्रोल फोल्डरात यूएलएलवर दोन ब्लॉक दिसतात. तुमची पिन कोणत्या ब्लॉकखाली लागली आहे, ते तिथं बघा आणि मगच सेन्सर उघडा.