पुढची बाजू

इंग्लंडच्या पूर्व भागातील एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत मी उत्खननातून आलेल्या धातूच्या वस्तूंचे जतन करते. सहाव्या शतकातील एका अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमन काळानंतर इंग्लंडात वसलेल्या जर्मॅनिक लोकांतल्या, स्त्रीच्या कबरीतील ब्रोचची (वस्त्र अडकवायच्या, पिन असलेल्या दागिन्याची) जोडी गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर आली. ते काम केव्हाच संपले आहे, पण त्यातल्या एका दुपारचा हिशोब मला अजून लागत नाही.

त्या काळच्या स्त्रीचा झगा म्हणजे नळीसारखे लोकरी कापड. ते पुढून-मागून वर ओढून दोन्ही खांद्यांवर एकेका ब्रोचने अडकवत. कापड मातीत कुजते, मात्र ब्रोचची पिन लोखंडी असली की तिचा गंज धाग्यात शिरतो आणि लोकर नाहीशी झाली तरी धाग्याच्या आकाराचा गंज उरतो. कांस्याच्या अंगाला तांब्याचे क्षार जंतूंना रोखतात, त्यामुळे तेथे क्वचित खरा तंतूही टिकतो. या जोडीच्या मागच्या बाजूस, पिनेभोवती, दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाणारी ट्विलची तिरपी वीण इतकी स्वच्छ होती की मी एका सेंटिमीटरात उभे बारा आणि आडवे दहा धागे मोजले, प्रत्येकाच्या पिळाची दिशा नोंदवली. माझे वडील इचलकरंजीत मागावर होते; भिंगातून धागे मोजणे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दालनाची मांडणी करणाऱ्यांना मात्र दोन्ही ब्रोच चकचकीत हवे होते. प्रेक्षक येतो तोच शिरस्त्राण शोधत. १९३९ साली पूर्व इंग्लंडातल्या सटन हू येथील जहाज-कबरीत सापडलेल्या, चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणाचे चित्र त्याच्या मनात इतके ठसलेले असते की त्या काळचा प्रत्येक शेतकरी तसाच मुखवटा लावून लढला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राणे जेमतेम अर्धा डझन सापडली आहेत, आणि सामान्य पुरुषाच्या कबरीत भाल्याचे पाते व ढालीच्या मध्याचा लोखंडी उंचवटा, एवढेच बहुधा मिळते. आमच्या दालनातला असा एक उंचवटा पूर्वी कोणीतरी तारेच्या ब्रशने घासून साफ केला आहे. त्याच्या मागे गंजात उमटलेले ढालीच्या लाकडाचे रेषे असतील, तर ते त्या ब्रशबरोबरच गेले. त्या अनामिक माणसाला मी वर्षानुवर्षे मनात शिव्या दिल्या आहेत.

शेवटी तडजोड ठरली की एक ब्रोच साफ करावा आणि दुसरा आहे तसा ठेवावा. कोणता साफ करायचा हे मीच ठरवले, कारण क्ष-किरणांच्या प्रतिमेत त्याची नक्षी अधिक सुबक दिसत होती. मागची बाजू मी तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, पुढची फक्त डोळ्यांनी. झग्याचे कापड मागेच असते, हे मला पाठ होते ना!

स्कॅल्पेलने नखाएवढा हिरवट थर काढून झाल्यावर कडेला बाणाच्या टोकांसारख्या ओळी दिसल्या. तो थर माती नव्हता. कोपऱ्यांना भोके पाडलेल्या चौकोनी पट्ट्यांतून धागे ओवून, त्या पट्ट्या फिरवत विणलेल्या काठाचा तो तुकडा होता, म्हणजे झग्यावरून पांघरलेल्या दुसऱ्याच एखाद्या वस्त्राचा. तो काठ अंगभर शालीचा होता की डोक्यावरून खाली आलेल्या ओढणीचा, हे सांगायला त्याची पूर्ण रुंदी हवी होती, आणि त्याची एक कड माझ्या हाताने भुकटी होऊन बशीत पडली होती. दुसऱ्या ब्रोचच्या पुढच्या बाजूला मी त्याच संध्याकाळी सूक्ष्मदर्शक लावला. तिथे निव्वळ माती होती.

भुकटी मी कुपीत भरून ठेवली. तिच्यातून तंतू लोकरीचा आहे एवढे कळू शकले, वीण कळली नाही. अहवालात ‘जतनकर्त्याकडून काठाची एक कड नष्ट’ असे लिहिले, तेव्हा एका वरिष्ठ सहकाऱ्याने ‘पृष्ठभाग अंशतः खंडित’ लिहिले तरी पुरे, असे सुचवले. मी वाक्य बदलले नाही. उरलेल्या काठाच्या शेजारी चमकणारी ती नखाएवढी जागा आता काचेआड आहे, आणि लोक फोटो काढतात तो तिचाच.