मिरीतलं पायपरीन एकटं काही करत नाही, पण...

मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय, विषय वनस्पतींतले घटक आणि एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. या कामात जो तो एवढंच विचारतो, जंतू मेला का? पायपरीनचं उत्तर कायम नाहीच यायचं, मिलीला ५० मायक्रोग्रॅम घातलं तरी स्टॅफ आरामात वाढायचा.

तर त्या दिवशी सकाळी चेकरबोर्डची प्लेट बाहेर काढली, म्हणजे दोन घटकांच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या जोड्या एकत्र तपासायची प्लेट. एकीकडून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक निम्मंनिम्मं करत नेलेलं, दुसरीकडून पायपरीन. पायपरीन पाण्यात धड विरघळत नाही, वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, गढूळ होतो आणि वाढ झाली का ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून शेवटी रिझाझुरिन हा रंग घालायचा, जंतू जिवंत असले की निळ्याचं गुलाबी होतं. नुसत्या सिप्रोच्या रांगेत ८ ला (मिलीला मायक्रोग्रॅम) निळं, ४ पासून खाली सगळं गुलाबी. आणि ५० पायपरीनच्या रांगेत ४ निळं, २ पण निळं! पहिला संशय डीएमएसओ या द्रावकावर, कारण पायपरीन त्यातच विरघळवलेलं, पण सिप्रो आणि नुसतं डीएमएसओ असलेल्या रांगेत एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, ८ च होती. मी अक्षरशः पळत मॅडमना बोलवायला गेले.

स्टॅफच्या आवरणात नॉरए नावाचा पंप असतो, आत आलेलं सिप्रो तो बाहेर फेकतो. पायपरीन या पंपालाच अडवतं, हे जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्येच दाखवलंय. दारुहळदीतल्या बर्बेरीन या जंतुनाशक घटकालाही हाच पंप बाहेर काढतो, आणि गंमत म्हणजे बर्बेरिसच्याच, म्हणजे दारुहळदीच्या वंशातल्याच, काही जातींत पंप अडवणारा दुसरा घटक सापडला, २००० सालचं काम आहे ते. झाडाने दोन्ही एकत्र ठेवलेत आणि आपण एकेक वेगळा काढून "काही उपयोग नाही" म्हणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मॅडम खूश झाल्या पण म्हणाल्या, "अगं, २ म्हणजे अजून सेन्सिटिव्ह नाही, त्याला १ किंवा खाली यायला हवं." बरोबरच आहे, सिप्रो ज्यावर मारा करतं त्या गायरेज या एन्झाइममध्ये म्युटेशन असेल तर पंप अडवून सगळं परत मिळणार नाही. आणि कृपया कोणी यावरून औषधासोबत मिरी खायला लागू नका, ५० ही पातळी जेवणातून रक्तात येत नाही, उलट पायपरीनमुळे शरीरात बाकीच्या औषधांचं प्रमाण वाढू शकतं.

आता नॉरए काढून टाकलेल्या स्टॅफवर हीच प्लेट लावायचीय, तिथे पायपरीनने काही फरक पडला नाही तरच आम्ही पंपाचं नाव घेऊ.