चाळिशीआधीची चाळीस कामं आणि नागपूरचं ऊन

चाळीस पूर्ण व्हायच्या आत करायच्या चाळीस गोष्टी लिहायला एक संध्याकाळ पुरते. त्या पार पडतात की नाही, हे क्रमावर ठरतं; आणि नागपुरात क्रम ऊन लावतं, आपण नाही. माझा वाढदिवस डिसेंबरातला, म्हणून डिसेंबर ते डिसेंबर असं वर्ष धरलं.

वहीत चार रकाने आखले: काम, ते झालं असं कशावरून मानायचं, महिना, आणि ते कशावर अडलंय. यातला दुसरा रकाना सगळ्यात कामाचा. ‘फिटनेस वाढवणे’ तिथे टिकत नाही. ‘सेमिनरी हिल्सच्या चढासकट १० किलोमीटर न थांबता धावणे’ टिकतं. ‘पेटी शिकणे’ नको, ‘एक भजन न अडखळता वाजवणे’ हवं. ज्या कामापुढे हा रकाना कोराच राहतो, ते खोडलेलं बरं. जोडीला चार राखीव कामं ठेवली आणि अदलाबदल फक्त जूनपर्यंत, असा नियम केला. नाहीतर ऑक्टोबरात अवघड कामं गुपचूप पडतात आणि सोपी त्यांच्या जागी येऊन बसतात.

आधी तारखेला बांधलेली कामं भरायची. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, आत जायला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे मोजकेच दिवस. मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पेंचचं कोअर जंगल पावसाळ्यात बंद. आंबिया बहाराची संत्री साधारण नोव्हेंबरात येतात, तेव्हा संत्र्याचा मुरांबा मे महिन्यात लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

लपलेलं गणित मात्र रक्तदानात आहे. ‘वर्षात चार वेळा’ म्हणजे चार मोकळे दिवस नव्हेत. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं. तीन अंतरांचे २७० दिवस गेले, म्हणजे पहिलं रक्तदान पहिल्या ९५ दिवसांत व्हायलाच हवं. मध्ये ताप, औषधं किंवा १२.५ च्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन आलं की तेवढीही सवड उरत नाही. स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर, त्यांनी तीनच लिहावीत. रक्त दिल्यावर पाण्याची तूट एक-दोन दिवसांत भरते, हिमोग्लोबिनला काही आठवडे लागतात. त्यामुळे धावण्याची किंवा लांब सायकलची तारीख त्याला चिकटून घेऊ नये.

सायकलवर रामटेक हे यादीतलं सगळ्यात खर्चिक नाही, पण सगळ्यात जास्त फसणारं काम. कामठी, कन्हान, मनसर, मग उजवीकडे वळण. एका बाजूने साधारण ५० किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे निघायचं, मागे लाल दिवा लावायचा. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत ओआरएस. पाकीट एक लिटरचं असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका.

पंक्चर खिळ्याने क्वचितच होतं. ट्रकचं टायर फाटलं की त्यातल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकलही कडेनेच चालते. नवी ट्यूब टाकली तरी थोड्या अंतरावर पुन्हा हवा जाते, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं, व्हॉल्व्हच्या जागा जुळवून ती टायरवर धरायची; भोकासमोरच तार असते. टायरच्या आतून बोट नाही, फडकं फिरवायचं. धागा अडकला की तिथली तार चिमट्याने ओढायची. भुवया कोरायचा चिमटा यासाठी उत्तम, पक्कड निरुपयोगी. सोबत दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप. गडाच्या चढावर सायकल ढकलली तर चालेल की नाही, हे दुसऱ्या रकान्यात आधीच लिहा; चढावर स्वतःशी वाद घालायला दम उरत नाही.

एप्रिल ते मध्य जून बाहेरचं काही लिहूच नका. पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा स्वयंपाकघर, पेटी, वाचन. सावजी रस्सा घरी जमवायचा तर जवस, खसखस, धणे, दगडफूल प्रत्येक वेगळं, मंद आचेवर भाजायचं. जवस तडतडायला लागली की उतरवायची. दगडफूल क्षणात जळतं आणि मग सगळा मसाला कडू होतो. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं आणि पाणी उकळतंच घालायचं. तर्री वर आली की काम झालं. चवीवर मतभेद होतात, तर्रीवर नाही.

ज्यांना ऋतू नाही अशी कामं शेवटासाठी राखावीत, असं वाटतं. पण मृत्युपत्र तसं ठेवू नये, ते पावसाळ्यातच उरकावं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सह्या करायला दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते साक्षीला नकोत. बँक खाती, विमा, पीएफ यांची नामनिर्देशनं त्याच आठवड्यात तपासून घ्या; लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर बरेचदा अजून आईवडिलांचंच नाव असतं.