उघडा की मिटलेला?

शिंपला उघडा आहे की मिटलेला, हे आम्हाला लहानपणीच बघायला शिकवलं होतं. बाजारातून तिसऱ्या आल्या की आई त्या पाण्यात घालून ठेवायची आणि रेती सुटली की निवडायला बसायची. तोंड वासून पडलेली तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती मेलेली. उकडल्यावर हिशोब उलटा व्हायचा. तेव्हाही जी उघडली नाही ती टाकून द्यायची.

आता मालवणपासून दूर, न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाळलेल्या राक्षसी शिंपल्याची रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी तीच तपासणी करतो. शिंपला मात्र खायचा नाही, जगवायचा आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "केवढी ही तिसरी! एकीतच सगळ्यांचं भागेल की." तिचं म्हणणं तसं गैरलागूही नव्हतं. पॅसिफिक बेटांवर हे राक्षसी शिंपले पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात आणि अतोनात उपशामुळे कित्येक ठिकाणी ते दिसेनासे झाले आहेत. म्हणूनच १९८० च्या दशकात पलाऊ या बेटांच्या देशात त्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली. मत्स्यटाकीच्या छंदवाल्यांनी समुद्रातून उपसलेला शिंपला घेऊ नये, असा पैदास केलेलाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आमचाही तसलाच. जात डेरासा, ट्रायडॅक्ना घराण्यातली. याचा थोरला भाऊ गिगास मीटरभराच्या वर जातो आणि वजन दोनशे किलोंच्या पुढे. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवतो म्हणे! बिचारा इतका सावकाश मिटतो की पाय काढून घ्यायला भरपूर वेळ मिळावा.

पुण्यातल्या मावसभावाने उत्साहाने विचारलं, "इथे मिळेल का रे?" मिळाला तरी घेऊ नकोस, असं त्याला सांगितलं. भारतात प्रवाळांना आणि या कुळातल्या मॅक्सिमा, स्क्वामोसा वगैरे जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना बघायचं तर लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात, त्यांच्या घरी जाऊन बघावं.

या प्राण्याला वेळेवर घास घालावा लागत नाही. शिंपल्याच्या दोन्ही कडांवरून ओसंडणारी जी मखमल दिसते, ती त्याची झूल. तिच्यात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि घरभाडं म्हणून त्यातली बरीचशी मालकाला देतात. झुलीवरची ती निळी-हिरवी झळाळी रंगद्रव्याची नसते. प्रकाश परतवणाऱ्या खास पेशींची ती करामत, आणि त्याच पेशी उजेड आत शैवालांपर्यंत पसरवतात. पाणी गाळून खाणंही चालू असतंच, पण मुख्य पोट भरतं ते दिव्यावर. त्यामुळे दिव्यात हात आखडता घेतला की हळूहळू उपासमार. मॅक्सिमा आणि क्रोसिया या भाऊबंदांना तर भर दुपारसारखा उजेड लागतो. डेरासा जरा समजूतदार आहे, मध्यम उजेडात वाळूवर बसूनही निभावून नेतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच डेरासा घ्यावा.

दुसरी गरज कवचाची. ते बांधायला तो पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट अखंड ओढत असतो. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटचा साठा, ८ ते १० डीकेएच (हे तिचं एकक), तापमान २५-२६ अंश, खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५ च्या आसपास. आकडे पाठ करणं सोपं आहे, ते तिथेच टिकवणं हे खरं काम. थंडीत इथे घरात हीटिंग चालू असतं, हवा कोरडी पडते आणि पाणी भराभर उडतं. मीठ मात्र टाकीतच राहतं. भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याचीच, हे पाहुण्यांना पटत नाही. "समुद्र आहे ना, मग मीठ घाला की!"

रविवारी सकाळी अल्कलिनिटी मोजायचं टेस्ट किट निघतं. नळीत टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी, त्यात किटातल्या रसायनाचा एकेक थेंब आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवायची. निळं, निळं, अजून निळंच, आणि एका थेंबाला अचानक पिवळं. जितके थेंब तितके डीकेएच. आठव्या थेंबाला पिवळं झालं की घरात चहा होतो. सहाव्याला झालं तर चहा राहिला बाजूला. शिंपला आणि प्रवाळ जोमात वाढत असले की आकडा आठवडाभरातही घसरतो. तो भरून काढायचा, पण एका झटक्यात नाही, दिवसाला थोडा थोडा.

स्वच्छतेचा अतिरेकही इथे नडतो. पाण्यातला नायट्रेट शून्यावर आणणारे शूर छंदवाले मी पाहिलेत. त्यांचं पाणी काचेसारखं आणि शिंपला फिकट. आतल्या शैवालांना चिमूटभर खत लागतंच आणि ते माशांच्या घाणीतूनच येतं.

आता निवड आणि तपासणी. दुकानात टाकीवरून हात फिरवायचा. झुलीच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडताच तो झटकन आकसला पाहिजे. आकसला नाही तर दुकानदार कितीही गोड बोलो, पुढे चालू लागावं. पाणी आत घेणारं तोंड सैल, वासलेलं असेल तर तेही वाईट लक्षण. मग खालची बाजू. तिथून निघणाऱ्या चिवट तंतूंनी तो दगडाला धरून बसतो. ओढून काढताना तंतूंच्या मुळाची गाठ फाटली तर शिंपला सहसा वाचत नाही. वाळूत त्याच्याखाली एक चपटा दगड ठेवावा. तो दगडाला धरतो, हलवायची वेळ आली की दगडासकट हलवता येतो.

रात्री दिवे गेल्यावर टॉर्च घेऊन कवचाच्या कडेने बघायचं. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई तिथे चिकटलेल्या दिसल्या, तर त्या त्याचं रक्त पीत बसल्यात असं समजावं. जुन्या टूथब्रशने घासून काढायच्या, त्यांची जेलीसारखी अंडीही, आणि पुढचे कित्येक आठवडे हाच उद्योग करायचा. एखादा एंजल मासा दिवसभर झुलीचे लचके तोडत असेल, तर शिंपला मिटूनच राहतो. मिटला की उजेड नाही, उजेड नाही की जेवण नाही. अशा वेळी मासाच दुसऱ्या घरी द्यावा लागतो, मग तो कितीही देखणा असो.

सगळं जमलं की कवचाच्या काठावर नव्या वाढीची पांढरीशुभ्र रेघ दिसते. ती दिसली की मी हिला हाक मारतो. ती येऊन बघते आणि टाकीची लांबी नजरेने मोजते. डेरासा फूट-दीड फुटापर्यंत सहज जातो, हे तिला माहीत आहे. मोठी टाकी कुठे ठेवायची यावर आमच्याकडे सध्या बोलणी सुरू आहेत आणि तूर्त सोफ्याची बाजू लंगडी पडते आहे.