ताक हान, याम छा

हाँगकाँगला ऑफिसच्या कामासाठी राहत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मित्र दुपारी भेटला की पहिलं विचारायचा, ‘सिक् चो फान मेइ आ?’ (चोरातला चो, बरं का) म्हणजे जेवलास का. आता आपल्याला ‘जेवलास का’ची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे मी इमानदारीत सांगत बसायचो, नाही रे, डबा आणलाय पण मायक्रोवेव्हला लाइन आहे, आणि सकाळी तर नुसतं ब्रेडच... तो बिचारा उभाच. नंतर कळलं, उत्तर एवढंच, ‘सिक् चो’. जेवलो. पोटात कावळे कोकलत असले तरी जेवलो. आपल्याकडे तरी ‘काय म्हणतोस’ विचारल्यावर कोण खरंच काही म्हणायला बसतं?

मग मोंग कॉकच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी मला ‘लेंग चाय’ अशी हाक मारली. म्हणजे देखणा पोरगा. मी आठवडाभर हवेत. पुढच्या खेपेला बघतो तर माझ्यामागच्या टकल्या आजोबांनाही लेंग चायच, आपल्याकडे रस्त्यावर कोणालाही ‘शेठ’ म्हणतात ना, तसं. त्यात तिथल्या इराणीछाप हॉटेलांत, छा छान थेंग म्हणतात त्यांना, वेटरलोकांच्या भाषेत लेंग चाय म्हणजे साधा पांढरा भात! आणि तिथल्या कँटोनीज भाषेत सूर सहा, ‘लेंग’ जरा वर चढला की देखण्याचं टिनपाट पोरगं होतं. हे मला मॅनेजरला कौतुकाने लेंग चाय म्हणून झाल्यावर समजलं.

पण माझं आवडतं म्हणजे निरोपाचं, ‘ताक हान याम छा’. सुरुवात ताकाने, शेवट चहाने. सवड मिळाली की चहा पिऊ. त्या ऑफिसातल्या मित्राकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लगेच मोबाइल काढला, शनिवार चालेल? ‘या एकदा घरी’ म्हटल्यावर पाहुणा खरंच पिशवी घेऊन दारात आला की आपला चेहरा होतो तसा त्याचा झाला.

नेलं मात्र त्याने. बांबूच्या टोपल्यांत वाफाळणारे डिमसम, आणि कप अर्धा झाला की तो ओतायचा, मी प्रत्येक वेळी तोंडातला घास सांभाळत ‘म् कोइ’, थँक्यू. शेवटी त्याने दोन बोटांनी टेबलावर टकटक करून दाखवलं, एवढं पुरे, बोलायची गरज नाही. तीन तास बसलो, किती किटल्या संपल्या कोण जाणे.

खाली एमटीआरच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, दाराशी हात हलवत तो म्हणाला, ‘ताक हान याम छा!’

या वेळी मी मोबाइल खिशातच ठेवला.